घळीच्या तोंडाशी काढलेले बूट

आबांची पिशवी तीन आठवडे दाराशी भरून ठेवलेली होती. चेन तुटलेली, म्हणून तोंड सुतळीनं बांधलेलं. आत तीन पायजमे, तीन सदरे, दाढीचं सामान, गोळ्यांचा डबा आणि आईचा फोटो. लागेल ते आबा रोज त्यातून काढायचे आणि परत आत ठेवून सुतळी बांधायचे. मी रोज सकाळी कामावर जाताना तिला वळसा घालून जायचे. उचलून आत ठेवायची हिंमत नव्हती, आणि तिच्याकडं न बघता जाणंही जमत नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी त्यांना वैजापूरकडच्या आमच्या गावातून गारखेड्याला, शहरातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. दीड वर्ष राहिले. कुणाशी वाद नाही, कसली तक्रार नाही. मग एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "बाई, मी आता गावाकडं जातो."

"तिथं कोण आहे आता?"

"कुणी नाय. पण इथं मला काम बी नाय. सारी जिंदगी जमिनीखाली काढली आन् आता तिसऱ्या मजल्यावर टांगून ठिवलंय."

माझा नवरा हसला. मला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. पण मागच्या दिवाळीनंतर ते गावी आठ दिवस एकटे राहिले, तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या आठही दिवस डब्यातच राहिल्या होत्या, आणि शेजारणीला ते ओसरीवर चक्कर येऊन पडलेले सापडले होते. हेही खरंच होतं. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. आणि थांबा म्हणावं तर कशासाठी थांबा, हे सांगता येत नव्हतं.

आबांनी चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. आधी पहार आणि टिकाव, मग सुरुंग, मग यारी. यारी म्हणजे विहिरीतला दगड तारेनं वर ओढून काढायचं यंत्र. त्या कामाच्या पैशावर त्यांनी मला शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. होऊ द्या, उगाच झालेली नाही ती. बारावीनंतर फॉर्म भरून आले तेव्हा आबांनी विचारलं होतं, "विषय कोणता घेतला?"

"भूगर्भशास्त्र. म्हणजे दगडांचा."

"दगड शिकायला कॉलेज लागतं व्हय?"

एवढंच. फी भरली, वसतिगृहावर गादी पोचवली, बी.एस्सी. झाले तेव्हा गावात पेढे वाटले, एम.एस्सी. झाले तेव्हा पुन्हा वाटले. पण काय शिकलीस, हे त्या दिवसानंतर कधीच विचारलं नाही.

नोकरी लागली ती जमिनीतलं पाणी शोधायची. शेतात मशीनच्या तारा अंथरायच्या, आकडे घ्यायचे आणि शेतकऱ्याला सांगायचं, इथं बोअर घ्या. बोअरच्या गाड्या वाढल्या तशा विहिरी कमी झाल्या. आबांची यारी घरामागं दोन पावसाळे गंजली आणि मग भंगारात गेली. ती काही माझ्यामुळं गेली नाही, हे मला माहीत आहे. आबांनाही माहीत असावं. त्यांनी कधी बोल लावला नाही. फक्त मी संध्याकाळी घरी आले की 'आज कुठं गेली व्हतीस' असं मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

तर पिशवी दाराशी आली आणि मी एकच मागणं केलं. "एक रविवार माझ्याबरोबर फिरायला चला. सोमवारी मी स्वतः तुम्हाला एस.टी.त बसवून देते."

त्यांनी मान डोलावली. मग मी दोन रविवार काही ना काही कारण काढून ढकलले. तिसरा ढकलता आला नाही.

न्यायचं कुठं, हे मात्र माझ्या मनात कित्येक वर्षांपासून ठरलेलं होतं. कन्नडच्या पुढं डोंगरात एक घळ आहे. कॉलेजात असताना आम्हाला अभ्यासाला तिथं नेलं होतं. बाकीची मुलं वहीत आकृत्या काढत होती आणि मी भिंतीकडं बघून विचार करत होते की हे आबांना दाखवलं पाहिजे. मग परीक्षा आली, नोकरी आली, लग्न झालं, मुलगी झाली. दाखवायचं राहूनच गेलं.

त्या दिवसासाठी मी आबांना बूट आणले. पांढरे, निळ्या तळव्याचे. आयुष्यभर चपलेवर काढलेल्या माणसानं ते घालून हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या.

"चावतायत का?"

"चावत नाय. पण पायाला काय कळंना खाली काय हाय ते."

पहाटे पाचला निघालो. मी, नवरा, पाचवीतली मुलगी आणि आबा. भाड्याची जीप होती. माझं नियोजन पक्कं होतं. जीप आम्हाला माळावर, घळीच्या वरच्या तोंडाशी सोडणार. आम्ही चार तास घळीतून चालत खाली जाणार. तोवर जीप डोंगराला वळसा घालून खालच्या गावात येऊन थांबणार. मी हे सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "मैं नीचेच रुकतूं मॅडम, आराम से आओ." आणि धूळ उडवत गेला.

मार्च लागला होता. माळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, पळस मात्र पेटल्यासारखे फुललेले. चालता चालता अचानक पुढं जमीनच संपते आणि खाली घळ उघडते. मी नवऱ्याच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची सॅक चढवली, मुलीची टोपी शोधली, मोबाइलला रेंज नाही याची खात्री करून घेतली आणि पुढं झाले. आबा सगळ्यांत मागून आले.

पहिला तासभर उतारच होता. नवऱ्याला उंचीची भीती. तो बसून बसून उतरत होता आणि मुलगी त्याला वरून सूचना देत होती. खाली पोचलो तेव्हा ऊन एका भिंतीवर आलं होतं. मी आधी येऊन गेलेली असूनही बघतच राहिले. वर काळाकभिन्न दगड, त्याखाली राखेत गुलाल मिसळावा तसा फिकट दगड, त्यात पांढरे ठिपके चमकणारे. मधूनच शेवाळी हिरव्या रेघा. आणि खाली पुढं कुठंतरी, दोन्ही भिंतींवर एकाच उंचीवर, घराला गेरूचा पट्टा ओढतात तसा तांबडा पट्टा. पात्र कोरडं ठाक. पाण्यानं घासून गुळगुळीत केलेले दगड नुसते पडलेले.

मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आबा, तुमचे बूट कुठंयत?"

आम्ही सगळ्यांनी आबांच्या पायांकडं बघितलं. अनवाणी.

"वर हायेत की," आबा म्हणाले.

"वर म्हणजे?"

"तोंडाशी. पळसाखाली, जोडीनं नीट ठिवलेत."

"आबा, काढले कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच काही भलतं विचारलं होतं. "खाली उतरताना पायात घालून उतरत्यात व्हय?"

तेव्हा मला आठवलं. विहिरीत चप्पल घालून उतरायचं नाही. आमच्या घरात हा नियम देवघराच्या नियमाइतकाच पक्का होता. मी लहानपणी जेवणाचा डबा घेऊन जायचे तर काठापासून दहा पावलांवर चपला काढायचे. एकदा कुणी साहेब बूट घालून विहीर मोजायला उतरू लागले, तर आबांनी दोराची शिडीच वर ओढून घेतली होती. मी हे विसरले कशी? आणि आबांनी ही घळ विहीर समजावी, हे मला सुचलं कसं नाही?

"अहो पण आपण या वाटेनं परत जाणार नाही! जीप खालच्या गावात येणार. दोनदा सांगितलं होतं मी."

"सांगितलं व्हतं, ऐकलं बी व्हतं." आबांनी वर, आलो त्या वाटेकडं बघितलं. "पण खाली गेलेला माणूस दुसरीकडून कसा निघंल, हे काय ध्यानात आलं नाय."

नवऱ्यानं लगेच खाली बसून बुटाची नाडी सोडली. "मामा, माझे घाला. माप चालेल."

"जावईबापू, तुमी अनवाणी आन् मी तुमच्या बुटात? गावात कळलं तर तोंड दाखवायची सोय राहायची नाय."

"गावात सांगणार कोण?"

"ही हाय की." आबांनी नातीकडं बोट केलं. "हिच्या तोंडाला कडी हाय का?"

मुलीनं लगेच ओठ दाबून धरले, पण तिलाही ते फार वेळ जमणार नव्हतं.

मी चिडले होते. परत वर चढायचं तर दीड तास, आणि ऊन वाढलेलं. पुढं जायचं तर तीन तास, आणि दगड तापणार. चिडले होते असं म्हणते, पण खरं तर घाबरले होते. उद्या सोमवार. उद्या हा माणूस जाणार, आणि माझ्याकडून सोबत काय नेणार, तर पायाला फोड.

"चल पुढं," आबा म्हणाले. "पाय माझे हायेत. तुला कशाला लागायलेत?"

आणि चालू लागले. पहिल्यांदा मला वाटलं, ते वाट चुकून कुठंही पाय टाकतायत. डावीकडं, मग उजवीकडं, मग एखादा दगड सोडून पलीकडं. मुलगी त्यांच्या मागं लागली.

"आबा, तुम्ही लंगडी खेळताय का?"

"काळ्यावर पाय नाय ठिवायचा माय, तो तापतो. ह्या फिकटावर ठिव. ह्याला मांजऱ्या म्हणत्यात. मवाळ असतो, फुटायला बी आन् पायाला बी."

मुलीनं वाकून दोन्ही दगडांना हात लावून बघितला. "खरंच की! आई, बघ ना!"

"हो, कारण त्यात पोकळ्या असतात," मी म्हणाले, "आणि त्या पोकळ्यांत नंतर जी खनिजं..."

"आई, थांब ना. आबा सांगतायत."

एम.एस्सी., पहिला वर्ग. मी गप्प बसले.

आबा सांगत राहिले. पहार मारली की कुठला दगड कसा वाजतो. सुरुंगाला भोक कुठं घ्यायचं. हे पांढरे खडे हातात चुरा होतात, पण डोळ्यात गेले तर आठ दिवस जात नाहीत. दीड वर्षात आमच्या घरात ते जेवढं बोलले नसतील, तेवढं त्या तासाभरात बोलले. मध्येच वर बघून म्हणाले, "हे एवढं रंगीत असतं, हे मला म्हैत नव्हतं बरं का."

"तुम्हाला? तुम्ही तर आतच असायचात," नवरा म्हणाला.

"आत असायचो, पण पाच परस, म्हंजी पाच माणसं खोल खाली गेलं की उजेड कुठला? नुसती धूळ. सगळं राखाडी दिसायचं. हिची आई रोज इचारायची, खाली काय दिसतं हो? मी म्हणायचो, दगड." चार पावलं चालले. "हे बघितलं असतं तर तिला सांगितलं असतं."

मुलीनं त्यांचं बोट धरलं.

पात्र उतरत उतरत आम्ही त्या तांबड्या पट्ट्याच्या उंचीला आलो. आता तो भिंतीवर, माझ्या कमरेइतका वर होता. आबा तिथं थबकले. नाक वर केलं, गाय करते तसं, आणि सरळ भिंतीपाशी गेले. तांबड्याच्या बरोबर वर, फटीत, हिरवं शेवाळ होतं. त्यांनी तळहात टेकवला.

"आला," म्हणाले.

झरा असा म्हणायला नको, नुसता पाझर होता. खाली परातीएवढा खळगा भरलेला. आबांनी ओंजळ भरली, पहिलं पाणी दगडावरच परत शिंपडलं, दुसरं डोळ्यांना लावलं.

"मामा, पिऊ नका हां ते. बाटलीतलं आहे आपल्याकडं."

"जावईबापू, ह्या पाण्यावरच तुमची बायको वाढली."

मग ते पाय खळग्यात सोडून बसले. तळवे लाल झाले होते, पण फुटले नव्हते. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. कांदा नवऱ्यानं बुक्कीनं फोडायचा प्रयत्न केला, तो उडून पाण्यात गेला, मुलगी खिदळली. आबांचं लक्ष नव्हतं. ते त्या तांबड्यावर नखानं ओरखडा काढून बोटाला लागलेला रंग बघत होते.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना."

"हे तांबडं काय असतं गं?"

माझ्या हातातला धपाटा तसाच राहिला. 'दगड शिकायला कॉलेज लागतं व्हय' या वाक्याला वीस वर्षं तरी झाली असतील.

"माती आहे आबा ती."

"माती? एवढ्या खाली?"

"एकेकाळी तीच वर होती. जमिनीला भेगा पडून आतला तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थिजला. तो हा खालचा दगड. मग लई वर्षं काहीच झालं नाही. ऊन, पाऊस, वारा. दगड झिजला, त्याची माती झाली. त्या मातीवर झाडंझुडपं पण उगवली असतील. मग पुन्हा रस आला आणि त्याच्याखाली ही माती भाजली. विटेसारखी."

"म्हंजी भट्टीच की."

"भट्टीच."

"आन् असं किती येळा?"

मी वर, भिंतीवरच्या आणखी बारीक तांबड्या पट्ट्यांकडं बोट केलं. "मोजा. जेवढे पट्टे तेवढ्या वेळा."

ते मान वर करून मोजू लागले. ओठ हलत होते. मग म्हणाले, "म्हंजी आमी एकीखाली एक जमिनी खोदत व्हतो." आणि जरा वेळानं, "तरीच!"

"काय तरीच?"

"तांबडं लागलं की आमी थांबायचो. पाणी त्याच्या वर असतं. ते फोडून खाली गेलं की हाय ते पाणी बी जातं. मला माझ्या वस्तादानं सांगितलं, मी पुढच्यांना सांगितलं. पण का, ते कुणालाच म्हैत नव्हतं."

"ती भाजलेली माती घट्ट असते आबा, पाणी खाली जाऊ देत नाही. मशीनवर पण तिथं आकडा एकदम पडतो."

"म्हंजी तुझी मशीन बी तेच सांगती?"

"तेच सांगते."

"मग मलाच न्यायचं ना शेतात! मशीन कशाला वाहून न्यायची?"

नवऱ्याला ठसका लागला. आबाही हसले, आणि मग हसता हसता थांबून माझ्याकडं बघत म्हणाले, "पण का, ते आज कळलं. लागतं गं कॉलेज."

मी कांदा काढायला पाण्यात हात घातला. डोळ्यांतलं पाणी कांद्याच्या नावावर खपलं.

शेवटचा टप्पा वाईट होता. घळ रुंदावली, सावली संपली आणि सगळीकडं काळाच दगड. दोन पावलांतच आबांचा चेहरा बदलला. मी माझी ओढणी फाडायला घेतली तर नवरा म्हणाला, "मामा, बूट नाही. पण मोजे?"

आबांनी विचार केला. "मोजे म्हंजी काय चामडं नाय."

"अजिबात नाही. सुती आहेत."

"मग मोजे चालतील."

नवऱ्याच्या पायातले आणि माझ्या पायातले, एकावर एक असे दोन मोजे, वरून ओढणीच्या पट्ट्या. अशा थाटात आबा घळीतून बाहेर पडले. जीपपाशी ड्रायव्हर उठून उभा राहिला. "अरे चाचा, जूते कां गए?"

"वर हायेत," आबा म्हणाले, आणि निवांत मागच्या सीटवर बसले.

मी ड्रायव्हरला विचारलं, वर जाऊन यायला किती वेळ लागेल. तो म्हणाला, दीड घंटा. "चला मग," मी म्हणाले. नवे बूट होते, आणि उद्या त्यांच्याबरोबर गावाला जायचे होते.

"आज नगं," आबा म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊ, तवा बघू."

मी नवऱ्याच्या मांडीला चिमटा काढला, कारण तो तोंड उघडणार होता. पण मुलीला चिमटा काढायला माझा हात पोचला नाही.

"पण आबा, तुम्ही तर उद्या गावाला जाणार ना?"

ड्रायव्हरनं फिरवायला घेतलेली चावी तशीच धरली.

"नवे बूट इथं टाकून कसा जाऊ?" आबा म्हणाले.

"आणि तोवर कुणी नेले तर?"

"तोंडाशी काढलेलं पायताण कुणी नेत नसतं."

सोमवारी मी कामावर गेले. पिशवी दाराशीच होती, मी नेहमीसारखा वळसा घालून गेले. संध्याकाळी आले तर आबा खुर्ची ओढून दाराकडं तोंड करून बसलेले.

"आज कुठं गेली व्हतीस?"

"गंगापूरकडं."

"तांबडं किती खाली लागलं?"

मी बॅगसुद्धा न ठेवता सांगत उभी राहिले.

ते आता कायमचे राहिले, असं मी म्हणणार नाही. पिशवी पुन्हा कधी भरली जाईल, काही सांगता येत नाही. पण त्या शनिवारी त्यांनी स्वतः सुतळी सोडली, कपडे काढून कपाटात ठेवले, आईचा फोटो टीव्हीच्या शेजारी उभा केला आणि रिकामी पिशवी माझ्या हातात दिली. "ह्याच्यात धपाटे घे. लई घे, ड्रायव्हरला बी लागतील."

बूट पळसाखाली होते तसेच होते, जोडीनं. आत फुलं गळून पडली होती. आबांनी ती झटकली, बूट पुन्हा तिथंच नीट ठेवले आणि अनवाणी घळीत उतरू लागले. मीही सँडल काढून त्यांच्या बुटांशेजारी ठेवले. जीप या वेळी मी वरच थांबवून ठेवली होती.